निवताना

सदाशिवगड मी चैत्रातला घेतला.
हिरवा सगळेच घेतात.
हा गवत जळालेला, एका अंगाला वणव्याची काळी जीभ,
माथ्यावर देवळाचं पांढरं टिंब,
पायथ्याला कराड स्टेशनचे रूळ,
जे मुळात आमच्या ओगलेवाडीत आहेत,
पण ते भांडण जुनं.

आधी आकाश. फळीवर आडवं.
त्यावर डोंगर, तुकड्यातुकड्यानं कापलेला.
मग चुरा: मिठाएवढा, रव्याएवढा,
आणि पिठासारखा, तो चहाच्या गाळणीतून,
तोंडाला फडकं बांधून, पंखा बंद करून.
एकदा ह्यांनी त्याच गाळणीत चहा ओतायला घेतला.
हातातून हिसकावली.

रंग कच्चे असताना खोटं बोलतात.
वणव्याच्या जिभेला धग म्हणून घेतलेली भुकटी
फिकट पिवळी, हळदीच्या पाण्यासारखी.
आत गेली की ती लाल होणार
हे ठाऊक असूनही दर वेळी हात अडतो.

आणि काचा एका गोताच्या लागतात,
तापून सारख्याच फुगणाऱ्या.
नाहीतर आगीत गुण्यागोविंदानं एक होतात
आणि थंड होताना भांडण उकरतात.

बाबा कारखान्यात फुंकणारे.
लोखंडी नळी, टोकाला पेटलेला मध,
गाल भरून श्वास,
आणि कंदिलाची काच.
घरी आले की बोलायला श्वास उरायचा नाही,
किंवा बोलायचं नसेल.
मी फुंकत नाही.
मी झाकण लावते आणि आकडे दाबते.

आठशे दहाला डोंगर आपल्या कडा सोडतो,
आकाशात खाली बसतो.
मग उतरायचं.
पाचशे पंधरावर थांबायचं, तीन तास,
काहीही न करता.
हे सगळ्यात अवघड.
वीज गेली तर सगळं गेलं,
म्हणून गुरुवार टाळते.

सकाळी झाकण उघडलं. डोंगर होता.
रूळ होते, दोन केस जाडीचे.
देवळाच्या उजवीकडे आकाशात
मसुराएवढा एक बुडबुडा.
तो मी ठेवला नव्हता.

कराडच्या हॉलवाल्यांनी भिंत दिली, दोन खिळे,
वरून पांढरा फोकस.
तोंडावर उजेड मारला की काच गप्प होते,
नुसती बशी होते.
मी खिडकी मागितली.
"खिडकीतून स्कूटर-स्टँड दिसतो, मॅडम."
दिसू दे.

तारेवर टांगला.
चारनंतर ऊन मागून आलं,
वणवा लागला,
प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तांबडं सांडलं.
एक पोरगी त्यात तळवा धरून उभी राहिली,
आईनं ओढेपर्यंत.
एकानं विचारलं, "मोबाइलचा टॉवर नाही दाखवला?"
एकानं किंमत विचारली आणि घड्याळ बघितलं.

मग भिवाजी थोरवडे आले,
बाबांच्या भट्टीवरचे.
डोंगराकडे बघितलंच नाही.
अधू डोळा मिटला, काचेशी कान नेला,
नखानं टिचकी मारली. ऐकलं. पुन्हा मारली.
"किती निववलंस?"
"तीन तास. पुढं रातभर."
मान हलवली.
"आम्हाला नाही जमायचं एवढं.
महिन्याचा आकडा असायचा."

मग बोट आकाशावरून फिरत गेलं
आणि बुडबुड्याशी थांबलं.
"हा कुणी फुंकला?"

हवा अडकते, म्हटलं, दोन थरांच्या मधे.

हसले नाहीत.
ऊन देवळावरून उतरून
खाली स्कूटरींच्या आरशांत गेलं,
हॉलवाला दिवे मालवायला आला,
तरी ते खुर्ची ओढून समोर बसलेले,
काहीतरी अजून गरम असल्यासारखे,
हात न लावता.